माझे खडे, तुझी बाटली

अक्का, तू चोर आहेस.

मेलेल्या माणसाला नावं ठेवू नयेत म्हणतात. पण असं म्हणणारीच माणसं तुझ्या मातीहून परत आल्यावर, तुझ्याच घरातल्या कपांतून चहा पिताना ‘साखर जरा कमीच पडली’ असं पुटपुटत होती. ते मी या कानांनी ऐकलं, म्हणून त्यांचा नियम मला लागू नाही. तुला मांडी घालून बसवलं, तळहातावर तुझं इष्टलिंग ठेवलं, वरून माती लोटली, त्याला अजून आठवडाही झाला नाही. आणि मी तुझ्याच खाटेवर बसून, तुझ्या नातवाच्या वहीची कोरी पानं फाडून तुला चोर लिहितेय. तुझी सून सुरेखा आत्ताच डोकावून गेली. “काकू, काय लिहून राहिल्या?” म्हणाली. म्हटलं, “तुझ्या सासूची तक्रार.” बिचारी रडावं की हसावं न कळून चहा ठेवायला गेली. साखर जास्त घाल म्हणून ओरडले.

मला किळस आलीय अक्का. शब्द मोठा आहे, पण दुसरा सापडत नाही. दु:ख आहेच, ते काही कुठं पळून जात नाही. पण दु:खाच्या वर साय धरावी तशी किळस धरलीय. तुझ्या घरातल्या पिंपांच्या वासाची. त्या पिंपांच्या तळाशी वळवळणाऱ्या अळ्यांची. भेटायला येऊन ‘तब्येतीला जपलं न्हाई बाईनं’ म्हणत बिस्किटाचा चुरा पदरावरून झटकणाऱ्या बायांची. आणि थोडी तुझीही. हो, तुझीही. एवढी शहाणी बाई तू, सगळ्या गल्लीची भांडणं मिटवणारी, आणि गेलीस कशानं, तर एका बोटाएवढ्या प्लास्टिकच्या नळीनं.

पण किळसेचा विषय निघालाच आहे तर पहिला मान माझा. घरात नाकाला पदर लावण्याचा मक्ता माझ्याकडंच होता. आठवतं? मी नवी सून म्हणून या घरात आले तेव्हा पेंडीच्या गोदामाच्या वासानं मला पहिल्याच दिवशी उलटी झाली होती. सासूबाई म्हणाल्या, “आत्ताच?” आणि सगळ्या बाया हसल्या. मला कळलंच नाही कशाला हसल्या ते. दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी मला चालायचं नाही. म्हशीचं दूध काढताना बघितलं की दूध चालायचं नाही. तू मोठी जाऊ, मी धाकटी. मी तुला अक्का म्हणायची, आणि ‘तुम्ही’ म्हणायची. “अक्का, तुम्ही ते उष्टं काढा ना, मला मळमळतं.” तू काढायचीस. सगळं घर माझ्या नाकापुढं वाकलेलं होतं, आणि मला वाटायचं, याला म्हणतात नाजूक माणूस. उदगीरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकले होते ना! शिकलेल्या बाईला वास जास्त येतो असा माझा समज होता.

मग लातूर जिल्हा झाला. गोलाईच्या बाजारात पेढे वाटले, दुकानांवर पताका लागल्या, आणि मी पोटाला धरून गादीवर लोळत होते. खोटं कशाला सांगू, त्या दुखण्यातसुद्धा मला अभिमान होता. कालपर्यंत आपण तालुक्याच्या बाया होतो, आता जिल्ह्याच्या. दुखणंही आता जिल्ह्याच्या दर्जाचं पाहिजे की नाही? डॉक्टर म्हणाले, पित्ताशयात खडे आहेत, एक खाली नळीतही उतरलाय, पोट उघडावं लागेल. मी जणू पालकमंत्र्यांनी उद्घाटनाला यायचं कबूल केल्यासारखी मान डोलावली.

बरगडीपासून बेंबीपर्यंत चिरलं मला. जाग आली तेव्हा पोटातून एक रबरी नळी बाहेर आलेली, तिच्या टोकाला पिशवी, आणि पिशवीत हिरवं-पिवळं काहीतरी साचत होतं. आपल्याच आतून असलं काही निघतं हे बघून मी डोळे मिटले ते पुढचे कितीतरी दिवस उघडलेच नाहीत म्हण ना. हे दाराशी यायचे, पिशवी दिसली की ‘जरा औषध बघून येतो’ म्हणून निघून जायचे. नर्स एका वेळी दहा खाटा बघणार. पिशवी तू रिकामी करायचीस. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. खाली वाकून, बाटलीत ओतून, किती भरलं ते नर्सला सांगून, हात धुऊन, त्याच हातानं मला भात भरवायचीस. आणि मी, कपाळकरंटी, तो हात नीट धुतलाय का म्हणून विचारायची! तू हात माझ्या नाकापुढं धरायचीस. “घे, हुंग.” मी हुंगायची. साबणाचा वास यायचा.

त्या दवाखान्यात माझं ‘तुम्ही’ गळून पडलं. ज्या बाईनं आपलं पित्त मोजलंय तिला तुम्ही कसं म्हणायचं? घरी आल्यावर सासूबाईंनी मला झापलं, मोठ्या जावेला एकेरी बोलते म्हणून. तू म्हणालीस, “बोलू द्या अत्या. तिचं सगळं बघून झालंय माझं.”

घरी येताना डॉक्टरांनी एका रुंद तोंडाच्या बाटलीत माझे खडे दिले. “घ्या वहिनी, तुमचे दागिने.” अक्का, मी ते दागिन्यांसारखेच मिरवले गं. अख्खं लातूर मला बघायला आलं. मोसंब्या आणि ग्लुकोजच्या बिस्किटांचे पुडे यांचा ढीग लागला. मी अर्धवट उठून बसायची, पदर जरासा बाजूला करून टाक्यांचा कोपरा दाखवायची, आणि मग बाटली हलवायची. खळ्ळ. बाया तोंडावर हात ठेवायच्या. “अगं बाई, एवढाले!” मी डोळे अर्धे मिटून म्हणायची, “आणखी होते, पण बाटलीत मावले नाहीत.” थाप! जेवढे होते तेवढे मावले होते. म्हशीचं दूध न चालणारी मी आणि माझ्या पोटातली घाण काचेत घालून पाहुण्यांच्या नाकापुढं खुळखुळवत होते. तिशीतली ती गिरजा आज समोर आली तर मी तिला दोन मुस्कटात देईन आणि मग तिच्याकडनं बाटली घेऊन स्वत: हलवून बघेन.

तू मात्र एकदाच बघितलीस ती बाटली आणि म्हणालीस, “घाण ती घाण. काचेत ठेवली म्हणून मोती होत न्हाई. टाक उकिरड्यावर.” मी टाकली नाही. यांची विष्णुपुरीच्या धरणावर बदली झाली, आम्ही नांदेडला बिऱ्हाड केलं, तेव्हा ती बाटली माझ्या मांडीवर बसून आली. शोकेसमध्ये चांदीच्या वाट्यांशेजारी ठेवली. तू दरवर्षी यायचीस आणि आल्या आल्या ती पितळी नंदीच्या मागं सरकवायचीस. तू गेलीस की मी पुन्हा पुढं आणायची. कितीतरी वर्षं हे आपलं भांडण एकही शब्द न बोलता चालू होतं. त्या बाटलीतल्या एका खड्याचा कोपरा उडालेला. माझ्या धाकट्या पोरानं लहानपणी तो खलबत्त्यात घालून कुटायला घेतला होता. मी त्याला बदडलं. आईच्या पोटातला खडा म्हणून नाही, शोकेसमधली वस्तू म्हणून. अशी मी.

आता या उन्हाळ्याचं. लातूरला रेल्वेनं पाणी यायला लागलं, टीव्हीवाले स्टेशनावर टाक्यांचे फोटो काढायला लागले, आणि तुझा लेक शिवा तुला घेऊन नांदेडला आला. दार उघडलं तर तू हळदीत बुडवून काढल्यासारखी. डोळे पिवळे, नखं पिवळी, अंग ओरबाडून ओरबाडून रक्ताळलेलं. “कधीपासनं?” म्हटलं तर म्हणालीस, “पाणी नीट आलं की दाखवणार होते.” मला तुझी शिसारी आली आणि तुला घट्ट धरावंसंही वाटलं, दोन्ही एकदम. मी नाकाला पदर नाही लावला, एवढं मात्र लक्षात ठेव. साठी उलटल्यावर का होईना, सुधारले.

डॉक्टर पोरगेलासा होता, आपल्या शिवाहून लहान. पित्ताच्या नळीत खडा अडकलाय म्हणाला, मोठा आहे, आणि खडा बसलाय तिथून खाली नळी निमुळती, म्हणजे ओढून काढायला गेलं तर निघणार नाही. आतच फोडावा लागेल. “पण पोट फाडायचं नाही, आजी. तोंडातून दुर्बीण घालायची.”

तू म्हणालीस, “पोटाच्या कामाला तोंडातनं?”

“जेवण कुठनं जातं, आजी?”

मी मनात म्हटलं, पोरगा बरा दिसतोय.

मग सिस्टर म्हणाली गळ्यातलं सगळं काढा. मंगळसूत्र तुझं भाऊजी गेल्यापासून नव्हतंच. राहिली इष्टलिंगाची चांदीची डबी. तू तिच्यावर असा हात ठेवलास की सिस्टर मागं सरकली. “हे निघत न्हाई, बाई. मेल्यावरसुद्धा हातात राहतं आमच्यात.” डॉक्टर स्वत: आला. म्हणाला, “आजी, मी एक्सरेत बघत बघत काम करणार. ही डबी छातीपोटावर आली तर चित्रात तिची सावली पडेल, आणि मग खडा मला नीट दिसणार नाही.” तू विचार केलास. बाजारात भाव पाडून घ्यायच्या आवाजात म्हणालीस, “दंडावर चालंल?” चालणार होतं. माझ्या रुमालानं मी ती तुझ्या दंडाला बांधली. तू म्हणालीस, “गाठ घट्ट मार, गिरजे. ह्यांची दुर्बीण कुठं बी शिरंल.”

नंतर डॉक्टरनं मला आणि शिवाला पडद्यावर दाखवलं. चित्रात तुझी पित्ताची नळी झाडाच्या फांदीसारखी दिसत होती आणि त्या फांदीत बोर अडकावं तसा खडा. आत तारेची एवढीशी जाळी घातली, खडा तिच्यात पकडला, बाहेरून जाळी आवळली, आणि तो फुटला. बराचसा चुरा फुग्यानं ओढून आतड्यात सोडला. पण वरच्या फांदीत दोन तुकडे राहिले होते. तुझं वय, नळीला आलेली सूज, एकाच वेळी फार ताणायला नको, म्हणून पित्त वाहतं राहावं अशी एक प्लास्टिकची नळी आत ठेवली होती. “दोन महिन्यांनी यायचं. नळी काढू, तुकडे काढू. आजींना बरं वाटेल, म्हणून विसरू नका. ही नळी कायमची नाही. ती बुजते, आणि बुजली तर पहिल्या दुखण्यापेक्षा वाईट होतं.” त्यानं हे दोनदा सांगितलं. शिवानं मान हलवली. मी तुला शुद्ध आल्यावर परत सांगितलं, तूही मान हलवलीस. मान हलवायला आपल्या घरात कुणाला काय लागतं?

तुझा पहिला प्रश्न आठवतो? “खडा कुठाय?”

डॉक्टर म्हणाला, “चुरा आतड्यात गेला, आजी. शौचावाटे जाईल.”

“म्हंजे दाखवायला काईच न्हाई?”

“नाही.”

“टाके?”

“एकही नाही. संध्याकाळी पातळ काहीतरी प्या, दोन दिवसांनी घरी.”

 तो गेल्यावर तू जे बोललीस ते मी जन्मात विसरणार नाही. “गिरजे, माझी फजिती झाली गं. लातुरातनं मरायला टेकलेली म्हणून निघाले. परत जाऊन काय सांगू? तोंड उघडलं आन मिटलं?”

मी इतकी हसले की शेजारच्या खाटेवरच्या बाईचा सलाईनचा हात हलला. आणि घरी आणल्यावर तर मी ताळच सोडला. शोकेसमधली बाटली काढून तुझ्यापुढं हलवली. खळ्ळ. “हे ऑपरेशन! तुझं काय, घसा खाकरण्याचा कार्यक्रम.” तू मला उशी फेकून मारलीस. तुझ्या डोळ्यांतला पिवळा रंग उतरत चालला होता, खाज थांबली होती, तू दोन वेळा भाकरी मागून खाल्लीस. अर्धापूरची केळी आणली होती, ती तर तू सालीसकट खाशील की काय असं वाटत होतं. अक्का, ते चार दिवस. ना कुणाचं लग्न, ना सण, आपण दोघी म्हाताऱ्या पलंगावर पाय पसरून, आपल्या गेलेल्या नवऱ्यांच्या घोरण्याच्या नकला करत होतो. त्या चार दिवसांसाठी मी त्या पोरगेल्या डॉक्टरची जन्माची ऋणी आहे. पोट फाडलं असतं तर तू कण्हत पडली असतीस. तुला हसायला मोकळं ठेवलं त्यानं.

निघायच्या सकाळी मी खाली केळी आणायला गेले होते. तेव्हाच केलंस ना ते? शिवा आंघोळीला, घरात दुसरं कुणी नाही. नंदी उचललास, बाटली उघडलीस, तीन खडे काढलेस. आणि बाटली कुठं ठेवलीस? नंदीच्या मागं! तीच तर तुझी जागा होती तिची. मी नेहमीसारखी पुढं ओढली, खडे मोजले नाहीत. आपल्या पोटातले खडे कोण मोजतं?

त्यानंतर फोन. पहिला महिना सरला तेव्हा तू म्हणालीस, “बघू की, अजून वेळ हाय.” दुसरा सरला.

“अक्का, नळी काढायचीय. शिवाला पाठव घेऊन.”

“ह्या हप्त्यात न्हाई जमत. टँकरचा दिवस हाय.”

“पाणी सुरेखा भरेल.”

“सुरेखा? लाइनीत तिला कुणीबी मागं सारतंय. मी नसले तर आपल्या घरचं पिंप रिकामं राहतं, माहीत हाय का? आन मी खणखणीत हाय गं. काशीबाई न्हाई का आमची, गिरणीवाली? तिलाबी सोलापुरात असलीच नळी टाकली. कवाची बात हाय. ती कुठं गेली परत? हिंडून राहिली की खुशाल!”

त्या काशीबाईला मी फोनवरच शिव्या घातल्या. मग सुरेखाला फोन मागितला. म्हटलं, पोरी, तू तरी ऐक. ती म्हणाली, “काकू, सगळं निघालं की. आम्ही बघितलं ना घरी.” मला वाटलं, दवाखान्याचे कागद बघितले म्हणतेय. म्हटलं कागद नीट वाच. ती हो म्हणाली. शिवा म्हणाला, “आई एवढी चांगली फिरती, काकू, पुढच्या महिन्यात आणतो.” प्रत्येक वेळी पुढचा टँकर, पुढचा महिना. नळी मात्र लाइनीत थांबली नाही.

बुजली ती. थंडी वाजून ताप, डोळे पुन्हा पिवळे. लातुरातच भरती केलं, त्यांनी धावपळ केली, पण पू आत साचला होता, विष रक्तात गेलं होतं. मी एसटीनं पोचले तेव्हा तू मला ओळखलंस. मला वाटलं आता काहीतरी बोलशील. तू बोललीस, “पाणी आलं का गं?” मी ‘आलं’ म्हटलं. आलं नव्हतं.

आता तिसऱ्या दिवसाचं ऐक, म्हणजे मी तुला चोर का म्हणते ते कळेल. बाया भेटायला बसल्या होत्या. मधोमध काशीबाई. पदर सावरून व्याख्यान देत होती: “त्या दुर्बिणीनंच घात केला. अंगी लागली न्हाई बाईच्या. खडे तर काढून दिले डॉक्टरनं, आपण सगळ्यांनी ह्या डोळ्यांनी बघितले. सुरेखा, आण गं ती बाटली.” सुरेखानं देवाच्या फळीवरून एक काचेची बाटली आणली. झाकण लावलेली, स्वच्छ पुसलेली. ती हातोहात फिरायला लागली. एका हातात बाटली, दुसऱ्या हातात बिस्किट. एकीनं तर बाटली धरलेली बोटं चाटून बिस्किट उचललं.  आणि मग ती माझ्या हातात आली.

तीन खडे. एकाचा कोपरा उडालेला.

अक्का, मला हसू फुटलं गं. मयताच्या घरात! मी पदराचा बोळा तोंडात कोंबला, खांदे गदगदा हलायला लागले. बाया म्हणाल्या, “रडू द्या, रडू द्या, मोकळं होऊ द्या.” एकीनं पाठीवरून हात फिरवला. घाण ती घाण म्हणणारी तू, कैक वर्षं बाटली मागं सारणारी तू, माझ्या खड्यांवर गल्लीत भाव खाऊन गेलीस! तुझ्या दोन पाहुण्यांपुढं तूसुद्धा बाटली खुळखुळवली असशील. डोळे अर्धे मिटले होतेस का? हसता हसता खरंच रडू आलं ते नंतर. कारण सुरेखाचं ‘आम्ही बघितलं ना’ मला तेव्हा कळलं. ज्या घरात बाटलीत खडे ठेवलेत त्या घरात ‘आत अजून काही आहे’ यावर कोण विश्वास ठेवणार?

मी गप्प बसणार होते. शपथ. म्हटलं, असू दे, तुझे म्हणून राहू दे. गल्लीत तुझं नाव आहे, मी कशाला घालवू? बाटली पुढं द्यायला हात केला. पुढं काशीबाई बसलेली. तिनं बाटली घेतली नाही, ती दंड खाजवत होती. करकर, करकर, नखं लागून वळ उठेपर्यंत. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. उन्हाच्या बाजूला बसली होती म्हणून दिसलं. डोळ्यांच्या कडा पिवळसर.

मला ती बाई आवडत नाही. तुझ्या मरणावर चढून ती बोलत होती. अर्धा क्षण असंही वाटलं, जाऊ दे, मर. हे तुलाच सांगतेय, दुसऱ्या कुणाला नाही.

मग म्हटलं, “हे खडे माझे हायत.”

 मी सांगितलं. कोपरा का उडाला ते सांगितलं. अक्कानं माझ्या शोकेसमधनं उचलले, तुम्हाला दाखवायला, कारण टाके नाहीत, खडा नाही म्हटल्यावर तुम्ही तिला विचारणार नव्हतात. तिचा खडा आतल्या आत फोडला. दुर्बिणीनं तिला मारलं नाही, दुर्बिणीनं तिला हसवत घरी पाठवलं. मारलं त्या नळीनं, जी काढायला ती गेली नाही. सुरेखा भिंतीला टेकून खाली बसली. कुणीतरी म्हणालं, “मेलेल्या माणसाला चोर म्हणती ही?” म्हटलं, “हाव, म्हणते. माझी जाऊ हाय, माझे खडे हायत.”

काशीबाई खाजवायची थांबली होती. ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “मग माझी नळी?”

“काढली का?”

“न्हाई.”

“ताप येतो?”

“परवा आला हुता. गोळी खाल्ली.”

“आजच्या आज सोलापूरला जा.”

तर ती काय म्हणाली, सांग? तुझ्याच तोंडातून उचलल्यासारखं. “उद्या आपल्या गल्लीचा टँकर हाय, गिरजाबाई. घरात दुसरं कुणी न्हाई भरायला. परवा जाते.”

माझ्या तोंडून निघून गेलं, “पाणी मी भरते.”

एवढंसं वाक्य, अक्का. दोन महिने मी तुला फोनवर ओरडले, सुनेला ओरडले, काशीबाईला शिव्या घातल्या. नांदेडहून लातूर, सकाळची गाडी पकडली तर दुपारी तुझ्या दारात.

काशीबाईच्या मुलीनं तिला त्याच संध्याकाळी नेलं. काल फोन आला, नळी काढली, सगळी काळी पडून बुजायला आली होती. कुणालाही दाखवू नका ती, असं मी बजावलंय. दाखवतील. दाखवू देत. ही दाखवायच्याच लायकीची आहे.

आणि मी तुझ्या चपला घालून टँकरच्या लाइनीत उभी राहिले. तुझी घागर, काशीबाईचं पिंप. बायांनी आपापसात बघितलं आणि मला पुढं तुझ्या जागी सरकवलं. ती जागा तुझी म्हणून अजून रिकामी ठेवतात, माहीत आहे तुला? नळाला घागर लावली आणि पाणी आलं, गढूळ, तांबूस, मेलेल्या माशाच्या वासाचं.  पदर नाकाला लावायला गेले, पण दोन्ही हात घागरीला होते.

लई घाण वास येतो गं ह्या पाण्याला. तू कधी बोलली नाहीस. माझ्या त्या पित्ताच्या पिशवीलाही येत असेल. तेही कधी बोलली नाहीस.